ज्याला सांगायचं, त्याला सोडून

यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) या चित्रपटात तीन म्हातारे दारू पीत बसल्याचा एक प्रसंग आहे. शुकिची हिरायामा बायकोला घेऊन ओनोमिची या दूरच्या बंदराच्या गावाहून मुलांना भेटायला टोकियोत आले आहेत. त्या संध्याकाळी मुलीने घरी बैठक ठेवली आहे, त्यामुळे तिच्याकडे त्यांना जागा नाही. बायको विधवा सुनेच्या एका खोलीत झोपायला गेली आहे आणि शुकिची दोन जुन्या ओळखीच्यांना गाठून बसले आहेत. नुमाता नावाचा मित्र मुलाच्या नावाने कुरकुर करतो. मुलाचा हुद्दा आपण लोकांना वाढवून सांगतो, खरं तर तो बराच खालच्या पायरीवर आहे, असं तो दारूच्या भरात कबूल करतो. तोवर चित्रपटभर ‘हं’, ‘बरं’, ‘छान’ यापलीकडे फारसं न बोललेले शुकिची मग म्हणतात की आपलीही गत तीच. थोरला कोइची राजधानीत नाव कमावलेला डॉक्टर असेल असं वाटलं होतं, येऊन पाहतो तर वस्तीतला एक साधा डॉक्टर. पण काळ बदललाय, मुलांकडून फार अपेक्षा करू नये, हेही तेच सांगतात. बापाच्या मनातली निराशा इतक्या स्पष्ट शब्दांत चित्रपटात पुन्हा कुठे येत नाही. ज्याच्याविषयी हे बोलणं आहे तो कोइची त्या वेळी आपल्या घरी आहे. त्याला ते शेवटपर्यंत कळत नाही.

जपानी कौटुंबिक चित्रपटांविषयी लिहिताना ‘शांत’, ‘संयत’, ‘अबोल’ ही विशेषणं हटकून येतात. म्हातारे आईबाप मुकाट्याने सोसतात, मुलं आपल्या व्यापात असतात आणि कुणीच काही बोलत नाही, असा एक समज त्यातून रुजला आहे. तो मला पटत नाही. या चित्रपटांत माणसं बोलतात, पुष्कळ बोलतात आणि कधी कधी अंगावर काटा यावा इतकं नेमकं बोलतात. फक्त ज्याला सांगायचं त्याला सोडून दुसऱ्याच कुणाला तरी सांगतात. बापाची निराशा मित्रापाशी, धाकट्या मुलीचा संताप वहिनीपाशी, मुलाचा कंटाळा बायकोपाशी. म्हणून या घरांतला ताण शांततेचा वाटतो. प्रत्यक्षात तो पत्ता चुकलेल्या बोलण्याचा आहे. आणि हा पत्ता मुद्दाम चुकवलेला असतो. योग्य माणसाला योग्य गोष्ट सांगितली की लगेच काहीतरी ठरवावं लागतं: कोण कुणाकडे राहणार, कुणाची खोली जाणार, कुणाची नोकरी सुटणार. ते ठरवायला दोन्ही पिढ्या धजावत नाहीत. ठरवायला गेलं तर नातंच राहणार नाही, ही भीती दोघांनाही सारखीच असते.

‘टोकियो स्टोरी’वर जरा थांबायला हवं. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने २०१२ साली जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला तेव्हा हा चित्रपट पहिला आला होता. कथा म्हणाल तर चार ओळींची. शुकिची आणि तोमी टोकियोला येतात. डॉक्टर मुलगा रविवारी त्यांना शहर दाखवायला निघतो, पण एक मूल आजारी आहे म्हणून बोलावणं येतं आणि बेत बारगळतो. मुलगी शिगे केशभूषेचं दुकान चालवते. तिलाही सवड नाही. लढाईत गेलेल्या मधल्या मुलाची विधवा नोरिको मात्र कचेरीतून रजा काढून त्यांना फिरवते. मग मुलगा आणि मुलगी पैसे काढून म्हाताऱ्यांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात, तिथल्या स्वस्त हॉटेलात रात्रभर दंगा चालतो, ते लवकर परततात आणि कुणाच्याही घरी जागा उरत नाही. गावी परतताना वाटेत तोमी आजारी पडते आणि घरी पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारते. मुलं येतात, रडतात, जेवतात, आईचं किमोनो आणि कमरपट्टा मागून घेतात आणि निघून जातात.

यात खलनायक शोधायचा मोह होतो आणि शिगे हाताशी असते. नवऱ्याने आईवडिलांसाठी चांगला केक आणला तर ती म्हणते, एवढा महाग कशाला, साधी बिस्किटं चालली असती. गिऱ्हाईक बाईने विचारलं तर आईवडिलांची ओळख ‘गावाकडचे कुणी’ अशी करून देते. हारुको सुगिमुरा या अभिनेत्रीने ही भूमिका इतकी सजीव केली आहे की प्रेक्षक दातओठ खातो. पण ओझू आणि त्यांचे सहलेखक कोगो नोदा यांनी शिगेला एक भूतकाळ दिला आहे, तो नजरेआड होतो. शुकिची त्या रात्री झिंगून, पोलिसाच्या सोबतीने तिच्या दारात येतात तेव्हा ती नवऱ्यापाशी चिडून सांगते की बाबांचं पूर्वीपासून हेच, किती रात्री असे घरी यायचे आणि आईला किती त्रास व्हायचा. धाकटी क्योको झाली तेव्हा कुठे सुटली दारू. लहानपणीच्या त्या रात्रींचा हिशेब तिने बापापाशी कधीच मांडलेला नाही. तो आत्ता नवऱ्यापाशी मांडला जातो आणि बाप खुर्चीत पेंगत असतो. म्हणजे ज्या रात्री बापाने मुलाविषयीची निराशा मित्रापाशी काढली, त्याच रात्री मुलीने बापाविषयीचा राग नवऱ्यापाशी काढला. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्ही भलत्याच कानांवर पडल्या आहेत.

उलट थेट बोलणं या घरात जमतच नाही असंही नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला म्हातारा-म्हातारी प्रवासाची बांधाबांध करतात. हवा भरायची उशी सापडत नाही. ती तुझ्याकडेच दिली होती, असं शुकिची म्हणतात. माझ्याकडे नाही, तुमच्याकडेच असेल, असं तोमी म्हणते. थोड्या वेळाने ती शुकिचींच्याच सामानात निघते आणि ते तसं सांगूनही टाकतात. नवराबायकोत हा आरोप, हे खंडन आणि ही माघार सहज होऊन जाते, कारण उशीवरून त्यांचं नातं मोडणार नाही हे दोघांना माहीत आहे. मुलांशी बोलताना हा भरवसा नाही. परतीच्या वाटेवर हीच दोघं एकमेकांना समजावतात की आपली मुलं पूर्वीपेक्षा बदलली आहेत, तरी इतरांच्या मानाने बरीच म्हणायची, आपण नशीबवान आहोत. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात सत्य आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात त्याच्यावर घातलेलं पांघरूण. तेही मुलांसमोर नाही, आपसात.

हा भरवसा गेला कुठे, याचं उत्तर माणसांच्या स्वभावात शोधण्याआधी कायद्यात शोधावं. १८९८ च्या जपानी नागरी कायद्याने घराण्याला कायदेशीर अस्तित्व दिलं होतं. घराला एक प्रमुख असे, सभासदांनी कुठे राहावं आणि कुणाशी लग्न करावं यावर त्याची संमती लागे, आणि हे पद मालमत्तेसकट सर्वसाधारणपणे थोरल्या मुलाकडे जाई. म्हाताऱ्यांना सांभाळणं हे त्या पदाबरोबर आपसूक येणारं ओझं होतं. युद्धातल्या पराभवानंतर १९४७ मध्ये ही व्यवस्था रद्द झाली आणि १ जानेवारी १९४८ पासून नवा कायदा लागू झाला. कुटुंबप्रमुख गेला, सगळ्या मुलांना वारसाहक्क सारखा मिळाला. आईवडिलांना आधार देण्याचं कर्तव्य मात्र कायम राहिलं. ते कुणी आणि कसं पार पाडायचं हे नात्यातल्यांनी आपसात बोलून ठरवायचं, आणि न जमल्यास कौटुंबिक न्यायालयाने ठरवायचं, अशी नव्या कायद्यातली तरतूद. थोडक्यात, जे आधी पदाने ठरत होतं ते आता संभाषणाने ठरायचं होतं. ‘टोकियो स्टोरी’ आला तेव्हा या बदलाला सहा वर्षंही झालेली नव्हती. कोइची थोरला आहे, पण आईवडिलांनी त्याच्याकडे राहायला यावं असा विषय चित्रपटभर कुणी काढत नाही. काढला असता तर त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं लागलं असतं, आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क आता त्याला होता.

हे केवळ माझं तर्कट नाही, याचा पुरावा ओझूंनीच देऊन ठेवला आहे. १९४१ साली, जुना कायदा पुरा जोमात असताना, त्यांनी तोदा घराण्यातल्या भावंडांवर एक चित्रपट केला होता. त्याचा सांगाडा ‘टोकियो स्टोरी’शी चांगलाच जुळतो. श्रीमंत बाप वारतो, मागे कर्ज निघतं, घर विकावं लागतं, आणि विधवा आई धाकट्या मुलीसह एका मुलाकडून दुसऱ्या मुलीकडे अशी ढकलली जात शेवटी समुद्रकाठच्या पडक्या बंगलीत जाऊन पडते. बापाच्या वर्षश्राद्धाला परदेशी गेलेला शोजिरो हा मुलगा चीनमधल्या तिआनजिनहून येतो, जेवणाच्या पंगतीत भावंडांना एकेक करून फैलावर घेतो, उठून जायला सांगतो, आणि ते जातात. मग आईला आणि बहिणीला तो आपल्याबरोबर घेऊन जायचं ठरवतो. शोजिरो थोरला नाही, कायद्याने त्याच्या हाती काही नाही. तरी तो बोलू शकतो, कारण कर्तव्य काय याविषयी पंगतीतल्या कुणालाच शंका नाही. ते चुकवल्याची लाज सगळ्यांना आहे. बारा वर्षांनी तोच दिग्दर्शक तशाच पंगतीपाशी येतो. आईचे अंत्यसंस्कार झालेत, भावंडं जेवतायत, शिगे आईचे कपडे मागते आहे. इथे कुणीही उठून बोलत नाही. धाकटी क्योको संतापते, पण भावंडं गाडीत बसून गेल्यावर आणि नोरिकोपाशी. नोरिको तिला समजावते की मोठं झाल्यावर मुलांचं आयुष्य वेगळं होतंच, आपणही तशाच होऊ. जगणं असं निराशच करणारं असतं का, असं क्योको विचारते, आणि नोरिको हसून होकार देते. शोजिरोच्या रागाला जी जमीन होती ती क्योकोच्या पायाखाली नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो संस्कृतीचा. जपानी माणूस मुळातच भिडस्त, समोरासमोर न बोलणं हा त्यांचा शिष्टाचार, त्यात कायदा कशाला आणायचा? पण जपानी पडद्यावरच्या सगळ्या घरांना हे लागू पडत नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वरून आपल्याकडे शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ लिहिलं, तसा अकिरा कुरोसावांनी ‘रान’ (१९८५) केला, आणि त्यातला म्हातारा सरदार मुलांवर इतका गरजतो की ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांची आठवण व्हावी. त्याहून जवळचा दाखला केइसुके किनोशितांच्या ‘जपानी शोकांतिका’ या चित्रपटाचा. तोही १९५३ चाच. योगायोग असा की ज्या आतामीत शुकिची आणि तोमी यांना पाठवलं जातं, तिथल्याच एका खाणावळवजा हॉटेलात यातली युद्धविधवा हारुको राबते. काळ्या बाजारातून धान्य आणून, गिऱ्हाइकांची मर्जी राखून तिने मुलगा आणि मुलगी वाढवलीत. मुलांना तिची लाज वाटते. वैद्यकी शिकणारा मुलगा एका सधन डॉक्टरच्या घरी दत्तक जायला निघाला आहे. हारुको भिडस्तपणा बाजूला ठेवून थेट त्यालाच गाठते, विनवते, रडते. तोही थेटच नाही म्हणतो. आणि ती परतीच्या वाटेवर युगावारा स्टेशनात गाडीखाली उडी घेते. इथे बोलणं अचूक पत्त्यावर पोचलं होतं. शुकिची आणि कोइची ज्याला भितात ते हेच. हारुकोच्या मरणानंतर तिच्या चांगुलपणाची आठवण काढतात ते हॉटेलातला आचारी आणि रस्त्यावर गाणी म्हणणारा एक पोरगा. तिला ओळखणारे लोक होते, तिची मुलं सोडून.

याच चित्रपटामुळे दुसरा एक आक्षेप निम्मा तरी मान्य करावा लागतो. हे सगळं बोलणं टाळण्याची चैन मध्यमवर्गाला परवडते. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला तोंड उघडावंच लागतं. खरं आहे. शुकिचींना ओनोमिचीत स्वतःचं घर आहे, मुलांनी विचारलं नाही तरी ते परत जाऊ शकतात. हारुकोला परत जायला जागा नाही. पण गरिबीने बोलणं थेट होतं म्हणून त्याचा पत्ता चुकत नाही असंही नव्हे. ओझूंचा पहिला बोलपट ‘एकुलता एक मुलगा’ (१९३६) रेशमाच्या गिरणीत राबणाऱ्या एका विधवेचा आहे. होतं नव्हतं ते विकून तिने मुलाला टोकियोत शिकवलं. अनेक वर्षांनी ती जाऊन पाहते तर तो शहराच्या कडेला, रात्रशाळेत मास्तरकी करून कसाबसा जगतोय. रात्री दोघांत बोलणं होतं आणि ती त्याला हिंमत हरल्याबद्दल चांगलं झापते. गावी परतल्यावर गिरणीतली मैत्रीण विचारते तेव्हा मात्र ती सांगते की मुलगा मोठा माणूस झाला. नंतर आवारात एकटीच जाऊन बसते. लबाडी म्हणून याकडे पाहावं असं मला वाटत नाही. मुलाला जे बोलायचं ते बोलून झाल्यावरही एक दुःख उरलं आहे, आणि ते सांगावं असं माणूस तिच्या जगात नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे चित्रपट जुन्या एकत्र घराचे उमाळे काढतात, मुलांना अपराधी वाटायला लावतात, आणि म्हणून प्रतिगामी आहेत, असं जपानमधल्याच पुढच्या पिढीच्या दिग्दर्शकांनी ओझूंविषयी म्हटलं होतं. उमाळा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जुन्या कर्तव्याची किंमत काय होती हेही जपानी पडद्याने दाखवून ठेवलं आहे. शिचिरो फुकाझावांच्या कथेवरून किनोशितांनी १९५८ मध्ये आणि शोहेई इमामुरांनी १९८३ मध्ये ‘नारायामा’वर चित्रपट केले, इमामुरांच्या चित्रपटाला कान महोत्सवातला सर्वोच्च सन्मान मिळाला. (इमामुरा ‘टोकियो स्टोरी’त ओझूंचे साहाय्यक होते.) दुष्काळी डोंगराळ गावाचा नियम असा की सत्तरी आली की म्हाताऱ्यांना मुलाने पाठीवर घेऊन नारायामा डोंगरावर सोडून यायचं. ओरिन ही म्हातारी इतकी धडधाकट आहे की तिलाच शरम वाटते, आणि आपण म्हातारे झालो हे दिसावं म्हणून ती दगडावर तोंड आपटून स्वतःचे दात पाडते. डोंगरावर शिरल्यावर बोलायचं नाही, हाही नियमच. तिचा मुलगा तात्सुहेई तो पाळतो, आईला ठेवून परत फिरतो, आणि बर्फ पडू लागतं तेव्हा राहवत नाही म्हणून नियम मोडून मागे येतो. बर्फ पडल्यावर मरण लवकर आणि शांत येतं, म्हणून ते शुभ मानलेलं. आई, बर्फ पडतंय, एवढंच तो सांगतो आणि आई हातानेच त्याला जा म्हणते. जिथे कर्तव्य सर्वांत कडक होतं तिथे अबोला नियमाने लादलेला होता. ‘टोकियो स्टोरी’तल्या घराला हे जुनं जग परत हवं आहे असं म्हणणाऱ्याने तात्सुहेईची ती धाव एकदा पाहावी.

ओझूंनी या चुकल्या पत्त्याला चित्रणातच जागा दिली आहे. त्यांचा कॅमेरा खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही किंचित खाली असतो आणि सहसा हलत नाही. दोन माणसं बोलत असताना एरवी चित्रपटांत आपण एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याला बघतो. ओझू मात्र बोलणाऱ्याला जवळजवळ समोरासमोर घेतात, तो जणू भिंगातच पाहत बोलतो. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या जागेवर आपण जाऊन बसतो. नुमाताच्या पलीकडे, क्योकोच्या पलीकडे, शिगेच्या पलीकडे आपणच असतो, आणि कुणी कुणाविषयी काय बोललं हे सगळं फक्त आपल्याला ठाऊक असतं. चित्रपट संपताना मन जड होतं त्याचं एक कारण हे आहे: सर्वांची बाजू कळलेला एकमेव माणूस पडद्याबाहेर बसला आहे आणि त्याला कुणालाच काही सांगता येत नाही.

एक मोठा अपवाद ‘टोकियो स्टोरी’त आहे, आणि त्याने माझं म्हणणं अधिक पक्कं होतं. शेवटी सासरा आणि सून समोरासमोर बसतात. रक्ताच्या मुलांपेक्षा तूच आमचं जास्त केलंस, असं शुकिची म्हणतात. नोरिको ते स्वीकारत नाही. आपण तेवढ्या चांगल्या नाही, हल्ली कितीतरी दिवस नवऱ्याची आठवणही येत नाही, काहीतरी घडेल म्हणून मन वाट पाहत असतं, असं ती रडत सांगते. मेलेल्या नवऱ्याच्या बापाला सांगायला याहून अवघड गोष्ट नसेल, आणि ती नेमक्या त्याच माणसाला सांगितली जाते. तो रागावत नाही. तोमीचं घड्याळ तिच्या हाती देतो आणि पुन्हा लग्न कर म्हणतो. हे दोघं इतकं खरं बोलू शकतात, कारण दोघांमध्ये ठरवायचं काही उरलेलं नाही. वारसा नाही, सांभाळण्याचा दावा नाही, आणि या बोलण्याने नातं संपणार असेल तर ते संपावं अशीच सासऱ्याची इच्छा आहे. ‘लेट स्प्रिंग’मध्ये (१९४९) याची उलटी बाजू दिसते. मुलीने लग्न करून आपल्या घरी जावं म्हणून विधुर प्राध्यापक तिला खोटंच सांगतो की आपण दुसरं लग्न करतोय. ते आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं होतं, हे खरं तो कबूल करतो ते मुलीच्या मैत्रिणीपाशी, लग्न लागून मुलगी गेल्यावर. इथेही मुलीच्या वाट्याला खोटं आणि तिच्या मैत्रिणीच्या वाट्याला खरं.

कुरोसावांच्या ‘इकिरू’त (१९५२) तर सगळी कथाच या धाग्यावर उभी आहे. पोटाचा कर्करोग झाल्याचं कळलेला सरकारी कचेरीतला विभागप्रमुख वातानाबे मुलगा आणि सून घरी यायच्या आधी अंधारात त्यांच्या खोलीत जाऊन बसतो. ती दोघं बोलत येतात: बाबांच्या निवृत्तीच्या पैशात नवं घर बांधता येईल. दिवा लागतो, बाप समोर. तो काही न बोलता खाली जातो. पुढे एकदा धीर करून तो सांगायला बसतो, तर मुलगा आधीच वारसाहक्काचं आणि बाप एका तरुण मुलीबरोबर हिंडतो त्याचं बोलू लागतो. म्हणून आपल्या मरणाची बातमी वातानाबे सांगतो ती गुत्त्यात भेटलेल्या एका लेखकाला आणि कचेरीतून नोकरी सोडून गेलेल्या त्या मुलीला. बाप गेल्यावर, त्याला आजार ठाऊक असता तर त्याने आम्हाला सांगितलंच असतं, असं मुलगा लोकांना पटवतो. त्याला तसं मनापासून वाटतं, हे या दृश्यातलं सर्वांत कठीण.

पुढच्या काळात म्हातारपण लांबलं. पासष्टीपुढच्या लोकांचं प्रमाण १९७० साली लोकसंख्येच्या ७ टक्के होतं, १९९४ मध्ये १४ टक्के झालं, आज ते २९ टक्क्यांच्या आसपास आहे. तोमीसारखं आठवड्यात मरण येईनासं झालं आणि सांभाळणं हे वर्षानुवर्षांचं काम झालं. ते कुणाच्या गळ्यात पडलं हे सावाको आरियोशी यांच्या १९७२ च्या कादंबरीने आणि त्यावरून शिरो तोयोदांनी १९७३ मध्ये केलेल्या चित्रपटाने उघड दाखवलं. स्मृतिभ्रंश झालेला सासरा स्वतःच्या मुलाला ओळखत नाही, त्याला चोर समजतो. ओळखतो फक्त सुनेला आणि नातवाला. नोकरी करणारी ही सून रात्री त्याच्यामागे धावते, त्याला स्वच्छ करते, आणि तिचा नवरा नजर चुकवत राहतो. ओझूंच्या चित्रपटांत सून ही भलत्या माणसाची तक्रार ऐकणारी होती, इथे तीच हाताने सगळं उचलते. ‘टोकियो स्टोरी’ पाहताना हा प्रश्न मला नेहमी पडतो: तोमी जगली असती आणि अंथरुणाला खिळली असती तर? शिगेवर रागावलेल्या प्रेक्षकाने त्या वेळी हे काम कुणाकडे दिलं असतं? माझा अंदाज, नोरिकोकडे. आणि तिच्या चांगुलपणाची स्तुती करत. एप्रिल २००० मध्ये जपानने दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला, त्याच्यामागे अशाच घरांतल्या बायकांची दमछाक होती.

हिरोकाझू कोरे-एदांच्या ‘स्टिल वॉकिंग’मध्ये (२००८) या परंपरेला आधुनिक तिखटपणा आला आहे. आई वारल्यानंतर त्यांनी तो केला. निवृत्त डॉक्टर बाप, स्वयंपाकघरात मक्याचे दाणे काढून भजी तळणारी आई तोशिको, आणि थोरल्या मुलाच्या पुण्यतिथीला आलेली लेक व धाकटा र्योता. थोरला समुद्रात एका पोराला वाचवताना बुडाला. वाचलेला तो पोरगा आता लठ्ठ, घामाघूम, ओशाळा तरुण आहे आणि दरवर्षी याच दिवशी जेवायला बोलावला जातो. आता त्याला बोलावणं पुरे, असं र्योता रात्री आईला म्हणतो. ती विणता विणता सांगते की म्हणूनच बोलावते. वर्षातून एकदा तरी त्याला त्रास व्हावा. हे त्या तरुणाला सांगितलं जात नाही, ऐकावं लागतं र्योताला. तो स्वतः या घरात थोरल्याच्या सावलीतला, कमी पडलेला मुलगा आहे. नवऱ्याच्या जुन्या प्रकरणाविषयीही तोशिकोला सारं ठाऊक आहे. जेवताना ती एक जुनी तबकडी लावते. नवरा अस्वस्थ होतो. नंतर तो न्हाणीघरात असताना दाराआडून ती सांगते की हेच गाणं तो दुसऱ्या बाईच्या घरी म्हणत होता, आणि पोराला पाठीवर घेऊन आपण ते बाहेरून ऐकलं होतं. योग्य माणसाला योग्य गोष्ट सांगायला तिला कितीतरी वर्षं, एक तबकडी आणि मध्ये एक बंद दार लागलं.

त्याच चित्रपटाच्या शेवटी दोन छोटी संभाषणं एकामागोमाग येतात. परतीच्या बसमध्ये र्योता बायकोला म्हणतो, आता नवीन वर्षाला यायला नको, वर्षातून एकदा पुरे. तिकडे पायऱ्या चढताना म्हातारा म्हातारीला म्हणतो, आता पुन्हा नवीन वर्षाला भेटतील. दोघंही आपल्या जोडीदारापाशी बोलतायत. बसमधलं वाक्य पायऱ्यांवर आणि पायऱ्यांवरचं बसमध्ये पोचलं असतं, तर एक भांडण झालं असतं आणि कदाचित एक भेटही.

अलीकडचा एक चित्रपट हा धागा जिथे नेतो तिथे मला भीती वाटते. चिए हायाकावा यांच्या ‘प्लॅन ७५’मध्ये (२०२२) सरकार पंच्याहत्तरीपुढच्या लोकांना स्वेच्छेने मरणाची सोय देतं. हॉटेलात साफसफाई करणारी ७८ वर्षांची मिची नोकरी आणि घर दोन्ही सुटत गेल्यावर नाव नोंदवते. चिएको बाइशो यांनी ती साकारली आहे. योजनेत नाव घातलेल्यांना बोलण्यासाठी कॉल सेंटरमधली एक मुलगी मिळते, दर वेळी पंधरा मिनिटं. मिची तिला आपल्या आयुष्यातलं सांगत जाते, आणि मोठ्या आनंदाने सांगते. नियम मोडून दोघी एकदा बाहेर भेटतातही. शुकिचींना नुमाता गावच्या ओळखीतून मिळाला होता, वातानाबेला लेखक गुत्त्यात आपसूक भेटला होता. मिचीचा श्रोता योजनेने पुरवलेला आहे, घड्याळ लावून, आणि त्या मुलीच्या प्रशिक्षणात सांगितलेलं असतं की म्हातारी माणसं ऐन वेळी कचरतात, तेव्हा बोलता बोलता त्यांना माघार घेऊ द्यायची नाही.